झाकायचं काय आणि सांगायचं काय



पुण्यात विसावा झाला. उद्या पहाटे माउलींची पालखी हलेल, हडपसर मागे पडेल, दिवे घाट चढायचा आणि सोपानकाकांच्या सासवडला मुक्काम करायचा. वारीतला अवघड टप्पा आहे तो. तेव्हा पाय लांब करून बसायचं असेल त्यांनी खुशाल बसा. आजची सेवा फार लांबवत नाही. एकच विषय धरतो, आणि तोही तुमच्या-आमच्या रोजच्या वागण्यातला.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आपल्यापैकी पुष्कळांच्या वाचनात आहे. तिथे भगवंत अर्जुनाला ज्ञानाची लक्षणं सांगतात. आता ज्ञानाची लक्षणं म्हटल्यावर आपल्याला वाटतं, पहिलं असेल वेदपठण, दुसरं असेल ध्यानधारणा. भगवंतांनी मात्र सुरुवात वेगळीच केली. पहिलं लक्षण सांगितलं अमानित्व, म्हणजे मला मान मिळावा असं न वाटणं. दुसरं सांगितलं अदंभित्व, म्हणजे दंभ नसणं. अहिंसा त्यानंतर, क्षमा त्यानंतर, गुरुसेवासुद्धा त्यानंतर. आधी ही दोन. का बरं? घरी पाहुणा यायचा असला की आपण आधी उंबऱ्यातली अडगळ काढतो, मग पाट मांडतो. मान आणि दंभ ही उंबऱ्यातली अडगळ आहे. ती तिथेच ठेवून आत कितीही पाट मांडले तरी येणारा अडखळूनच पडणार.

आज आपण दुसरं लक्षण घेऊ. दंभ.

दंभ म्हणजे काय असं विचारलं तर तुम्ही सांगाल, महाराज, नसलेलं दाखवणं म्हणजे दंभ. खिशात दमडी नाही आणि बोटांत खोट्या अंगठ्या. बरोबर आहे. हा जुना दंभ. तो ओळखायला सोपा, कारण तो चमकतो. लांबून दिसतो. पण अलीकडे दंभाने कपडे बदललेत. आता तो साधा राहतो, हळू बोलतो. आजचा दंभ म्हणतो, "छे छे, मी काहीच केलं नाही हो. हे आपलं सहज झालं."

हे 'सहज' जरा तपासून पाहू.

पालखी शहरात आली की रस्त्याच्या दोन्ही कडांना दर्शनाला माणसं उभी असतात. त्यात एक मुलगी होती. छान नऊवारी नेसलेली, कपाळाला गंध, हात जोडून पालखीकडे तोंड. चेहऱ्यावर अगदी तल्लीन भाव. तिची मैत्रीण फोटो काढत होती. फोटो निघाला की ही पोरगी धावत जायची, मोबाईलमध्ये बघायची आणि म्हणायची, "अगं, तू फोटो काढतेयस हे मला माहीत आहे असं वाटतंय यात. पुन्हा काढ. मला कळलंच नाही असं दिसू दे." पुन्हा जागेवर, पुन्हा हात जोडायचे, पुन्हा तल्लीन व्हायचं. असं सात-आठ वेळा झालं. आठव्या फोटोत ती खरोखर देवात हरवल्यासारखी दिसली. दोघी खूश झाल्या. आणि मान वर करून बघतात तर पालखी पुढे निघून गेलेली!

हसू नका तिला. पोर चांगली होती. हात जोडायला आली होती, गर्दीत तासभर उभी राहिली होती. तिचं एवढंच झालं की दर्शन घेण्याच्या वेळी ती दर्शन घेणारी दिसण्याच्या कामाला लागली. आणि दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत.

असं आज सगळीकडे चाललंय. चेहऱ्याला काहीच लावलेलं नाही असं दिसावं म्हणून लावायचे वेगळे रंग मिळतात, आणि ते लावायला साध्या रंगांपेक्षा जास्त वेळ लागतो. केस वाऱ्याने विस्कटल्यासारखे दिसावेत म्हणून आरशासमोर अर्धा तास. नवी कोरी जीन्स जुनी दिसावी म्हणून कारखान्यात घासून, धुऊन, जागोजागी फिकी करून विकतात.

आता कीर्तनात फाटक्या जीन्सचं नाव निघालं की तुम्हाला वाटतं, चला, आता महाराज पोरांना झोडपणार. नाही. मला त्या पोरांचं काही म्हणायचं नाही. मला तुम्हाला त्या कापडामागची एक गोष्ट सांगायची आहे. ते कापड फिकं करायची एक पद्धत अशी होती की त्याच्यावर वाळूचा जोराचा फवारा मारायचा. तुर्कस्तानात असे पुष्कळ छोटे कारखाने होते. फवारा मारणारी पोरं गरीब घरची, बंद खोलीत काम करणारी. वाळूची बारीक धूळ श्वासातून छातीत जाऊन बसायची. सिलिकोसिस नावाचा फुप्फुसाचा रोग त्यांना जडला. तो बरा होत नाही. ऐन तरुण वयात त्यांना चार पावलं चालताना धाप लागायला लागली, काही दगावले. शेवटी २००९ साली तिथल्या सरकारने जीन्सच्या कापडावर वाळू मारण्याच्या या कामावर बंदी घातली.

विचार करा. कापड सहज झिजल्यासारखं दिसावं, एवढ्यासाठी कुणाचं तरी फुप्फुस झिजलं. आपण जेव्हा "हे आपलं सहज आहे" असं दाखवतो, तेव्हा त्या सहजपणाचे कष्ट कुठे जात नाहीत. ते कुणीतरी केलेले असतात. आपण फक्त ते नजरेआड करतो.

आणि इथे तुमच्याकडे बघा. आपल्या दिंडीत एखाद्या बाबांचं धोतर गुडघ्यावर विरलेलं असतं. ते त्यांनी विरवलेलं नाही. वर्षानुवर्षं बसून-उठून, दंडवत घालून ते विरलंय. त्यांना विचारा, बाबा, तुमचं धोतर फाटलंय. ते म्हणतील, "असं का? कुठं?" त्यांना माहीतच नसतं!

हा रोग आजचा नाही, आणि एकट्या आपल्या देशातलाही नाही. तिकडे युरोपात, इटली देशात, बाल्दासारे कास्तिल्योने नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. राजदरबारी वागणाऱ्या माणसाने कसं असावं, यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. १५२८ साली तो छापला गेला. म्हणजे आपल्याकडे नाथमहाराजांचा काळ जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. त्यात त्यांनी एक नवाच शब्द घडवला, स्प्रेझातुरा. त्याचा अर्थ असा की नाचावं, घोड्यावर बसावं, बोलावं, शस्त्र चालवावं, सगळं उत्तम करावं. पण त्यामागची मेहनत कुणाला दिसू देऊ नये. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की याला हे काही न करताच येतं. कारण मेहनत दिसली की कौतुक कमी होतं. बघा, पाचशे वर्षं झाली या गोष्टीला! सहज दिसण्यासाठी रियाज करायचा, आणि मग रियाज केलाच नाही असं दिसण्यासाठी आणखी रियाज करायचा. म्हणजे दुप्पट ओझं. एक काम आणि दुसरं ते काम लपवण्याचं काम.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, हे झालं शहरातल्या लोकांचं आणि राजदरबाराचं. आमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमचा काय संबंध?

संबंध आहे. सगळ्यात जास्त संबंध आपलाच आहे, कारण साधेपणा हे आपल्या संप्रदायाचं भूषण आहे. आणि जे भूषण असतं त्याची नक्कल होतेच.

एखादा म्हणतो, "मी कोण हो? मी आपला संतांच्या पायाची धूळ." म्हणतो आणि थांबतो. कशासाठी थांबतो? समोरच्याने म्हणावं, "अहो असं काय, तुम्ही तर केवढे मोठे!" म्हणून थांबतो. आता समोरचा जर भोळा निघाला आणि म्हणाला, "हो बुवा, खरं आहे, तुम्ही धूळच आहात," तर? दुसऱ्या दिवसापासून रामकृष्ण हरीसुद्धा बंद!

पंगतीत बसायचं तर मुद्दाम शेवटी, आणि शेवटी बसलोय हे सगळ्यांच्या लक्षात येईल इतकं शेवटी. दान द्यायचं गुप्त, पण गुप्तदान कुणी दिलं हे गावात सगळ्यांना ठाऊक. आणि ही नारदाची गादीसुद्धा यातून सुटलेली नाही. डोळे कुठल्या वाक्याला पुसायचे ते ठरलेलं असू शकतं. "आत्ता बोलता बोलता सुचलं बरं का माउली," असं म्हणून सांगितलेला दृष्टांत चाळीस गावांत चाळीस वेळा 'आत्ताच' सुचलेला असू शकतो. इथे उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे रोज तपासावं, मीसुद्धा.

विठ्ठल विठ्ठल.

आता खरी अडचण ऐका. एवढं ऐकून माणूस म्हणतो, ठरलं, आता आपण नाटक करायचं नाही, एकदम सहज राहायचं. आणि तिथेच फसतो. कारण सहज राहायचा प्रयत्न केला की सहजपणा जातो. फोटोवाला म्हणतो, "काका, जरा नैसर्गिक हसा." झालं! इतका वेळ बरा असलेला काकांचा चेहरा लाकडाचा होतो. 'सहज' या शब्दाचा अर्थच आहे, सह म्हणजे बरोबर आणि ज म्हणजे जन्मलेलं. जे बरोबर जन्माला आलं ते. आता जे बरोबर आलेलंच आहे ते बाहेरून आणणार कसं?

मग करायचं काय? मेहनत केली तर खोटेपणा, आणि नाही केली तर आळस?

इथे माउली मदतीला येतात. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नेवाशाला माउली बोलताहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत. अदंभित्वाचा अर्थ सांगायची वेळ आली. आपल्याला वाटेल, माउली म्हणतील, जे आहे ते उघड करा, काही झाकू नका. गंमत अशी की माउलींनी तिथे दिलेले दृष्टांत झाकणाऱ्यांचेच आहेत! लोभी माणूस पुरून ठेवलेल्या धनाची जागा कुणाला सांगत नाही, तसा हा ज्ञानी आपलं पुण्य सांगत नाही. लाथ मारणारी गाय पान्हा चोरते. धनवान माणूस रानात सापडला तर श्रीमंती लपवतो. आणि शेतकरी, तो पेरलेलं बी मातीने झाकून टाकतो.

मग मला सांगा, झाकणारा तो दरबारी माणूसही, आणि झाकणारा माउलींचा ज्ञानीही. दोघांत फरक काय?

शेतकऱ्याकडे बघा म्हणजे कळेल. तुमच्यातले कित्येक जण पेरणी उरकून आलात. काही जण पाऊस लांबला म्हणून पेरणी पोरांवर टाकून आलात, आणि अजून रोज संध्याकाळी गावाला फोन करून विचारताय, "झालं का रे?" तुम्हाला मी पेरणी काय सांगावी? तिफणीने बी पडलं की मागून माती ओढून ते झाकायचं असतं. का झाकता? लोकांनी म्हणावं म्हणून का, की याच्या रानात काही न करताच पीक येतं? नाही ना! बी उघडं राहिलं तर पाखरं टिपतात, मुंग्या नेतात, उन्हाने वाळतं. झाकलं तर रुजतं. झाकणं हे बियाच्या भल्यासाठी आहे.

आणि दुसरी गोष्ट. शेतकरी बी झाकतो, पण कष्ट झाकतो का? तो चिखलाच्या पायांनी गावातून येतो. हाताला घट्टे असतात. विचारलं तर सांगतो, "दोनदा मोडून पेरलं, बाबा. कंबर गेली." कष्ट सांगायला त्याला लाज नाही.

हा सगळा फरक आहे. खरा साधक पुण्य झाकतो आणि कष्ट सांगतो. दांभिक कष्ट झाकतो आणि पुण्य मिरवतो. दोघेही झाकतात, पण दोघांनी वेगवेगळ्या वस्तू झाकल्या आहेत. एवढी एक गोष्ट आजच्या कीर्तनातून घरी नेली तरी माझी सेवा पोचली.

आता याला संतांचं प्रमाण बघा.

तुकोबाराय. त्यांच्या अभंगाइतकं सहज दुसरं काय आहे? वाटतं, बोलता बोलता तोंडातून निघालं. ज्याला अक्षर येत नाही त्या आजीलाही कळतं. या माणसाला जगासमोर उभं राहून सांगता आलं असतं, की मी काही केलं नाही, हे आपोआप झालं. पण तुकोबांनी स्वतःची हकिगत स्वतः सांगितली आहे. त्यात ते काय सांगतात? सुरुवातीला एकादशीच्या कीर्तनाला उभा राहत होतो, पण मनाला अभ्यासाची सवय नव्हती. मग संतांची वचनं श्रद्धेने पाठ केली. कुणी पुढे गात असला की त्याच्या मागे उभं राहून धृपद धरलं. ऐकलंत? ज्यांच्या मागे आज लाखो माणसं चालतात, ते तुकोबा सांगतात की मी मागे उभा राहून शिकलो. पाठांतर लपवलं नाही, मागे उभं राहणं लपवलं नाही. आणि काव्य मात्र स्वतःचं मानलं नाही. बोलवता धनी पांडुरंग आहे अशीच त्यांची भावना. म्हणजे कष्ट सांगितले आणि श्रेय देवाकडे सोपवलं.

नाथमहाराज बघा. आज तुम्ही ज्ञानेश्वरी उघडता आणि ओवी कशी पाण्यासारखी वाहते. पण मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत हातांनी नकला करता करता पोथ्यांत चुका शिरल्या होत्या, पाठ बिघडले होते. शके १५०६ साली, म्हणजे १५८४ मध्ये, नाथांनी वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून, ओवी ओवी ताडून ग्रंथ शुद्ध केला. नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत, माउली! नाथ स्वतः केवढे कवी. मनात आणलं असतं तर स्वतःच्या चार ओव्या घालायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता? घातल्या नाहीत, आणि पुढच्यांनाही घालू नका म्हणून बजावून ठेवलं. त्यांची मेहनत आज ओवीत कुठेच दिसत नाही. पण ती दिसत नाही ती नाथांचं कौतुक व्हावं म्हणून नव्हे. ओवी माउलींचीच दिसावी म्हणून.

आणि पूर्वजांपर्यंत कशाला जायचं? हे आमचे मृदंगाचार्य बसलेत. बोटं कशी पडताहेत बघा. त्यांना विचारा, मृदंगाला कणीक किती लावायची हे कळायलाच किती दिवस गेले. पहिल्या वर्षी बोटं सुजली असतील, घरातल्यांनी "बाहेर जाऊन बडव" म्हणून हाकलून दिलं असेल. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे पोरं चार वर्षं शिकतात, पहाटे उठून पाठांतर करतात, माधुकरी मागून शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या. वारकऱ्याला भोळा म्हणतात. भोळा म्हणजे न शिकलेला नव्हे. शिकून झाल्यावर त्याचा तोरा न उरलेला.

आणि या आमच्या डोक्यावर तुळस घेतलेल्या माउली. हात सोडून चालतात. वृंदावन हलत नाही. शहरातली माणसं म्हणतात, किती सहज! त्यांना म्हणावं, पहिल्या वारीतली मान विचारा. चुंबळ नीट बसेना, दोन्ही हातांनी धरून चालावं लागलं, रात्री मान वळेना. आता हात सुटले. ते सुटावेत म्हणून काही केलं नाही. चालत राहिल्या, सुटले.

आता एक प्रश्न घेतो आणि आवरतो. हा प्रश्न मला पुष्कळ जण एकांतात विचारतात, चारचौघांत विचारायची लाज वाटते म्हणून. परवाच एक माउली म्हणाली, "महाराज, कीर्तनात शेजारच्या बायकांच्या डोळ्यांना धारा लागतात. माझ्या डोळ्यांत टिपूस येत नाही. मी आपली हात वर करते, टाळी वाजवते, सगळे करतात म्हणून करते. आत काहीच हलत नाही. मी ढोंगी आहे का?"

तुमच्यातल्या किती जणांच्या मनात हे असेल! म्हणून नीट ऐका.

माय, तू ढोंगी नाहीस. ढोंगी माणूस हा प्रश्न विचारत नाही. जे अजून आलेलं नाही ते यावं म्हणून हात वर करणं, याला अभ्यास म्हणतात. जे आलेलं नाही ते आलंय असं शेजारणीला दाखवण्यासाठी डोळे पुसणं, याला दंभ म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतील. आत कुणाकडे बघून चाललंय, एवढाच प्रश्न. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनीच ही सोय ठेवली आहे. चित्त माझ्यात स्थिर होत नसेल तर अभ्यासाने मला मिळवायची इच्छा धर, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. देवाने स्वतः पायऱ्या बांधून दिल्या. पहिल्या पायरीवर उभं राहणाऱ्याला तो खोटा म्हणत नाही. पहिल्या पायरीवर उभं राहून शिखरावर असल्याची बतावणी करू नका, एवढंच.

तान्हं मूल चालायला शिकताना तोंडाने बोबडं बोलतं, पायाने पडतं. ते नाटक करतं का? आणि मोठा माणूस कौतुक व्हावं म्हणून मुद्दाम बोबडं बोलायला लागला तर? तुम्हीच उठून जाल!

झोपेचं उदाहरण घ्या, म्हणजे उद्या-परवा आठवेल. झोप आणता येते का? "मी आता झोपणार, झोपणारच," असं म्हणत पडलेला माणूस पहाटेपर्यंत जागा राहतो. पण म्हणून आपण काहीच करत नाही का? अंथरूण घालतो, दिवा मालवतो, मोबाईल बाजूला ठेवतो, डोळे मिटतो. अंथरूण घालणं आपल्या हातात आहे, झोप आपल्या हातात नाही. ती आपल्या पावलांनी येते, आणि आल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही. नित्यनेम, एकादशी, हरिपाठ, वारी ही सगळी अंथरुणं आहेत. रोज घालायची. प्रेम कधी येईल ते त्याच्यावर सोडायचं. आणि झोपेचं सोंग घेऊन पडायचं नाही. सोंग घेतलेल्याला हाक मारून उठवताही येत नाही, आणि त्याला झोपही मिळत नाही. दोन्हींकडून जातो.

शेवटी ज्याच्यासाठी देव पंढरीत उभा राहिला, त्याच्याकडे जाऊ. आपण रोज त्याचं नाव घेऊन जयजयकार करतो, पण त्याने नेमकं काय केलं ते विसरतो.

पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत बसला होता. पाय चेपत होता. दारात कोण आलं? साक्षात परमात्मा. आता विचार करा, बघणारा याच्यापेक्षा मोठा कुणी असू शकतो का? आपल्याकडे साधा मोबाईल रोखला तरी आपण पदर सारखा करतो, पोट आत घेतो. इथे सगळं जग बघणारा दारात उभा राहून बघतोय. पुंडलिकाने काय करावं? दुसरा कुणी असता तर त्याने सेवा जरा जास्त भक्तिभावाने केली असती! चेहरा आणखी तल्लीन केला असता. किंवा धावत बाहेर आला असता. पुंडलिकाने दोन्ही केलं नाही. हात होता तसाच चालू ठेवला. चेपण्याची गती वाढवली नाही, कमी केली नाही. जवळची वीट मागे सरकवली आणि म्हटलं, माझं काम व्हायचंय, तोवर यावर उभा राहा.

देव उभा राहिला. अजून उभा आहे. देव कशावर भाळला? पुंडलिक पाय फार सुंदर चेपत होता म्हणून? आई-बापाची सेवा करणारे पुष्कळ असतील. देव बघतोय हे कळल्यावरही ज्याच्या हाताची चाल बदलली नाही, असा एक सापडला म्हणून देव थांबला, असं मला वाटतं. त्याचे कष्ट होते तिथेच होते, उघडे. पुण्य कुठे गेलं याची त्याला चौकशी नव्हती.

उद्या दिवे घाटात फार गर्दी असेल. वरून फोटो काढणारे असतील, वर्तमानपत्रवाले असतील, आपली नातवंडंही असतील. त्यांना काढू द्या फोटो. तुम्हीही हौसेने काढा, त्यात पाप नाही. मी फक्त एक मागतो. घाटात कुठेतरी एक वळण असं ठेवा की तिथे धाप लागली तर लागू दे, टाळ चुकला तर चुकू दे, अभंग सुरात येवो न येवो. कुणी विचारलं, "बाबा, दमलात का?" तर सांगा, "हो, दमलो. पाय फार दुखताहेत." ते लपवू नका. आणि कुणी विचारलं, "किती वाऱ्या झाल्या?" तर म्हणा, "चालू आहे बुवा." तो आकडा मातीत राहू द्या.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!